इंग्रजी वाक्य बांधायला शिका, मराठीच्याच आधारानं

‘रामाने रावणाला मारले.’ हे वाक्य जरा उलटसुलट करून पाहा. ‘रावणाला रामाने मारले.’ ‘मारले रावणाला रामाने.’ कसंही फिरवा, मरतो रावणच. कोणी मारलं ते ‘ने’ सांगतो आणि कोणाला मारलं ते ‘ला’ सांगतो, मग शब्द कुठे का उभा असेना.

इंग्रजीत हेच करून पाहा. ‘राम किल्ड रावण.’ आता नावांची अदलाबदल करा: ‘रावण किल्ड राम.’ अख्खं रामायण उलटं झालं. इथे ‘ने’ही नाही आणि ‘ला’ही नाही. क्रियापदाच्या आधी जो उभा, तो करणारा. क्रियापदानंतर जो उभा, त्याच्यावर क्रिया होते.

मराठी जे काम प्रत्ययावर सोपवते, ते इंग्रजी जागेवर सोपवते. इंग्रजी व्याकरणात मला सगळ्यात आधी एवढंच सांगावंसं वाटतं, कारण पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच सुटतात. हजारेक वर्षांपूर्वी इंग्रजीतही नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत. ते झिजत गेले आणि त्यांचं काम शब्दांच्या क्रमानं उचललं. जुन्या प्रत्ययांची खूण ‘ही’ आणि ‘हिम’ या जोडीत अजून दिसते: तो आणि त्याला.

मी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतो. त्यातले बहुतेक जण मराठी माध्यमातले. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. या मंडळींना काळांची कोष्टकं अजून तोंडपाठ आहेत, पण स्वतःच्या मनातलं एक वाक्य मांडायला गेलं की गाडी अडते. शब्दांची उणीव क्वचितच असते. वाक्य मराठीच्या साच्यातून निघतं आणि इंग्रजीच्या साच्यात बसत नाही, म्हणून अडतं.

खाली इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, म्हणजे ती आधी कानाला ओळखीची होतील. एक वही जवळ घ्या. प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचा आणि मग रोमन लिपीत उतरवा. स्पेलिंग अडलं तर शब्दकोश उघडा. नुसतं वाचून पुढे गेलात तर हाती फारसं लागणार नाही.

पहिली पायरी: मोडकी मराठी

‘आई चहा करते.’ मराठीत क्रम आई, चहा, करते. इंग्रजीत क्रम आई, करते, चहा: ‘मदर मेक्स टी.’ पहिला आठवडाभर इंग्रजीचा विचारच करू नका. दिवसभर मनातल्या मनात अशी मोडकी मराठी बोला: ‘बाबा विकतात भाजी.’ ‘ताई शिवते ब्लाउज.’ ‘मी वाचतो पेपर.’ कानाला विचित्र वाटेल, पण क्रियापदाला दुसऱ्या जागेवर आणून बसवायची सवय याच बोलण्यानं लागते.

सवय झाली की मागे ठिकाण आणि वेळ जोडा. साधारणपणे आधी ठिकाण, मग वेळ. ‘आई करते चहा स्वयंपाकघरात सकाळी’ म्हणजे ‘मदर मेक्स टी इन द किचन इन द मॉर्निंग.’

इथे आणखी एक अदलाबदल होते. मराठीत ‘त’, ‘वर’, ‘पासून’, ‘मुळे’, ‘शिवाय’ शब्दाच्या शेपटीला लागतात, इंग्रजीत हेच तुकडे शब्दाच्या पुढे येतात. टेबलावर म्हणजे ‘ऑन द टेबल’. पावसामुळे म्हणजे ‘बिकॉज ऑफ द रेन’. तुझ्याशिवाय म्हणजे ‘विदाउट यू’. मोडक्या मराठीत तेही पुढे आणा: ‘वर टेबल’, ‘मुळे पाऊस’, ‘शिवाय तू’.

दुसरी पायरी: ‘मला’ने सुरू होणारी वाक्यं

मराठी माणसाच्या इंग्रजीतल्या निम्म्या चुका मला या एका शब्दात सापडतात, म्हणून इथे थोडं थांबू.

वर्गातल्या एका ताईंना मुलाच्या शाळेच्या डायरीत चिठ्ठी लिहायची होती. मुलाला ताप आहे, आज येणार नाही, एवढीच. त्यांनी लिहिलं होतं, ‘माय सन इज फीवर.’ काहीतरी चुकलंय हे त्यांना कळत होतं. खोडून खोडून कागद विरला होता, पण नेमकं काय चुकलंय ते सापडत नव्हतं. ‘आहे’ म्हणजे ‘इज’, हे शाळेत शिकलेलं त्यांनी इमानानं वापरलं होतं.

मराठीत ताप, भाऊ, पैसे, सायकल या गोष्टी कोणाला तरी किंवा कोणाकडे तरी ‘असतात’. वाक्याचा कर्ता ती गोष्ट असते, माणूस ‘ला’ किंवा ‘कडे’ लावून बाजूला उभा असतो. इंग्रजीत माणूस पहिल्या जागेवर येतो आणि ती गोष्ट जवळ बाळगतो. त्या बाळगण्याला ‘हॅव’ म्हणतात, आणि ही, शी, इट किंवा एखाद्या एकट्याचं नाव असेल तर ‘हॅज’. मराठीत याला सरळ जोडीचा शब्दच नाही. म्हणून मुलाला ताप आहे, तर ‘माय सन हॅज अ फीवर.’ मला दोन भाऊ आहेत: ‘आय हॅव टू ब्रदर्स.’ माझ्याकडे सायकल आहे: ‘आय हॅव अ बायसिकल.’ इथे ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणायचा मोह होतो, तो टाळा. भाऊ असणं ही चालू असलेली क्रिया नाही.

सगळीच ‘मला’ची वाक्यं ‘हॅव’कडे जात नाहीत. मला भूक लागली आहे, थंडी वाजते आहे, झोप आली आहे, ही माणसाची अवस्था झाली. तिथे ‘आय ॲम हंग्री’, ‘आय ॲम कोल्ड’, ‘आय ॲम स्लीपी’. मनाशी संबंधित गोष्टींना इंग्रजीत स्वतंत्र क्रियापदं आहेत: मला आंबा आवडतो, ‘आय लाइक मँगोज’, मला आठवतं, ‘आय रिमेंबर’, मला माहीत आहे, ‘आय नो’. आणि ‘जायचं आहे’चे दोन अर्थ वेगळे करावे लागतात. इच्छा असेल तर ‘आय वाँट टु गो’, भाग असेल तर ‘आय हॅव टु गो’. मराठीत ‘मला जायचंय’ म्हटलं की सुरावरून कळतं, इंग्रजीत शब्दच बदलावा लागतो.

वहीत ‘मला’ने सुरू होणारी आपल्या रोजच्या बोलण्यातली वीस वाक्यं लिहा. प्रत्येकात ‘मला’चा ‘मी’ करून तो पहिल्या जागेवर बसवा, मग विचारा: मी काहीतरी बाळगतोय, की कुठल्या अवस्थेत आहे, की मनानं काही करतोय? उत्तर मिळालं की क्रियापद मिळालं.

पहिली जागा रिकामी ठेवता येत नाही

‘उशीर झाला.’ ‘दहा वाजले.’ मराठी वाक्य कर्त्याशिवाय आरामात चालतं. इंग्रजीत जागाच सगळं सांगत असल्यामुळे पहिली खुर्ची रिकामी दिसली की वाक्य अपुरं वाटतं. मग तिथे ‘इट’ बसवतात, ज्याला स्वतःचा काहीच अर्थ नसतो: ‘इट इज लेट’, ‘इट इज टेन’, आणि पाऊस पडतोय म्हणजे ‘इट इज रेनिंग’. कुठेतरी काहीतरी आहे असं पहिल्यांदाच सांगायचं असेल तर ‘देअर’ बसतो. घरात कोणी नाही: ‘देअर इज नोबडी इन द हाउस.’ आदेश देताना मात्र खुर्ची रिकामी चालते, ‘कम हिअर’, कारण समोरचा माणूस समोरच असतो.

‘आहे’ आणि बाबा

आय असेल तर ‘ॲम’. ही, शी, इट असेल तर ‘इज’. वी, यू, दे असेल तर ‘आर’. हे सगळ्यांना पाठ असतं. एक शंका मात्र बऱ्याच जणांच्या मनात राहून जाते: ‘यू’ म्हणजे तू, एकच माणूस, मग ‘आर’ का? इंग्रजीतही एके काळी ‘तू’साठी ‘दाऊ’ असा वेगळा शब्द होता आणि ‘यू’ अनेकांसाठी किंवा आदरानं वापरत. ‘दाऊ’ रोजच्या बोलण्यातून गेला, ‘यू’ राहिला. तेव्हा ‘यू’ला मनात कायम ‘तुम्ही’ समजा. ‘तुम्ही आहात’ म्हटलं की ‘आर’ आपोआप येतं.

आदराचं दुसरं टोक बाबांच्या वाक्यात सापडतं. आपण ‘आई आली’ म्हणतो, पण ‘बाबा आले’. त्यामुळे बोलताना ‘माय फादर आर’ निघून जातं. इंग्रजीत आदर क्रियापदात दिसत नाही. बाबा, सर, मुख्यमंत्री, सगळे ‘ही इज’.

एक सवलतही आहे. जातो, जाते, जातं असं लिंगाप्रमाणे बदलणारं क्रियापद इंग्रजीत नाही. रोजच्या गोष्टी सांगताना फक्त ही, शी, इट यांच्या क्रियापदाला शेवटी एस लागतो: ‘आय गो’, ‘दे गो’, पण ‘शी गोज’.

नकार आणि प्रश्न

‘डू, डज, डिड’ ही इंग्रजीतली सगळ्यात छळणारी तिकडी समजली जाते. तिची किल्ली मराठीतच आहे, फक्त आपण कधी थांबून पाहत नाही.

‘ते जातात.’ याचा नकार ‘ते जात नाहीत.’ आता दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून बघा. ‘जातात’मधलं अनेकवचन कुठे गेलं? क्रियापद नुसतं ‘जात’ उरलं आणि अनेकवचन ‘नाहीत’मधल्या ‘त’वर जाऊन बसलं. ‘तू जातोस’चं ‘तू जात नाहीस’ होताना ‘स’ तसाच उडी मारतो. ‘ते जातात नाहीत’ असं कुणी म्हणत नाही, लहान मूलही नाही.

इंग्रजीत अगदी हेच होतं. ‘शी गोज’चा नकार ‘शी डज नॉट गो.’ ‘गोज’च्या शेवटचा ‘ज’ उडी मारून ‘डज’मध्ये गेला, मागे साधा ‘गो’ उरला. म्हणून ‘शी डज नॉट गोज’ म्हणजे ‘ते जातात नाहीत’.

मग ‘दे डिड नॉट वेन्ट’ ही चूक इतकी का होते? कारण भूतकाळात मराठी ही उडी पुरती मारत नाही. ‘ते गेले’चं ‘ते गेले नाहीत’ होतं, भूतकाळ ‘गेले’मध्येच राहतो. आपण तीच सवय घेऊन जातो. इंग्रजी मात्र भूतकाळातही आपला नियम सोडत नाही: ‘वेन्ट’मधला भूतकाळ ‘डिड’मध्ये गेला, मागे साधा ‘गो’. ‘दे डिड नॉट गो.’

असं समजा की प्रत्येक साध्या क्रियापदाच्या पोटात एक ‘डू’ लपलेला असतो. ‘गो’मध्ये ‘डू’, ‘गोज’मध्ये ‘डज’, ‘वेन्ट’मध्ये ‘डिड’. नकारात तो बाहेर येतो. प्रश्नात तो बाहेर येऊन कर्त्याच्या आधी उभा राहतो. मराठीत ‘ती जाते का?’ म्हणताना प्रश्नाची खूण शेवटी येते, इंग्रजीत ती सुरुवातीला: ‘डज शी गो?’ कुठे, कधी, का असा शब्द असेल तर तो त्याच्याही आधी: ‘व्हेअर डज शी गो?’

जिथे ॲम, इज, आर, कॅन, विल आधीच बाहेर दिसतात तिथे ‘डू’ काढायची गरज नाही, तेच पुढे सरकतात. ‘इज शी रेडी?’ ‘कॅन यू कम?’ आणि कर्ताच विचारायचा असेल तर काहीच हलत नाही: कोण आलं? ‘हू केम?’

एक जागा भल्याभल्यांना चकवते. ‘ती कुठे जाते, मला माहीत नाही.’ इथे ‘कुठे’ आहे, पण आपण काही विचारत नाही, सांगतोय. म्हणून ‘डज’ बाहेर काढायचा नाही: ‘आय डोन्ट नो व्हेअर शी गोज.’

काळ: बाराच्या कोष्टकाआधी पाच

बारा काळांचं कोष्टक आत्ता बाजूला ठेवा. रोजच्या कामाला पाच आकार पुरतात, त्यातले तीन सोपे आहेत. नेहमी घडतं ते ‘आय ड्रिंक टी’. घडून गेलं, कधी ते ठाऊक आहे, ते ‘आय ड्रँक टी यस्टरडे’. पुढे घडेल ते ‘आय विल कम’. मात्र ठरलेल्या बेताला मराठीत आपण ‘मी उद्या मुंबईला जातोय’ म्हणतो, तसंच इंग्रजीतही म्हणतात: ‘आय ॲम गोइंग टु मुंबई टुमॉरो.’

चौथा आत्ता चाललेल्या क्रियेचा. ‘आय गोइंग’ असं अर्धं वाक्य बोलणारे खूप भेटतात. ‘करतोय’ या एका शब्दात ‘करतो’ आणि ‘आहे’ मिसळलेले आहेत, त्यामुळे ‘आहे’ विसरला जातो. मनात ‘मी जात आहे’ असं फोडून म्हणा, ‘ॲम’ निसटणार नाही.

पाचवा ‘हॅव’चा, आणि तो समजायला थोडा वेळ लागतो. ‘मी दहा वर्षं नाशिकला राहतो’ हे मराठीत सरळ वर्तमान आहे. इंग्रजी इथे मागची दहा वर्षं आणि आजचा दिवस यांना एकत्र बांधते: ‘आय हॅव लिव्ह्ड इन नाशिक फॉर टेन इयर्स.’ किती काळ ते सांगायला ‘फॉर’, कुठून सुरुवात ते सांगायला ‘सिन्स’: ‘सिन्स २०१५’. ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ यात दोन्ही चुका एकदम आहेत. आणि ‘काल’, ‘गेल्या वर्षी’ असा ठरावीक वेळ सांगितला की हा आकार चालत नाही. मी त्याला काल पाहिलं: ‘आय सॉ हिम यस्टरडे.’

गो, वेन्ट, गॉन अशी अनियमित क्रियापदं पाठ करायचा कंटाळा येतो, हे खरं. पण आपल्याकडेही ‘जा’चं ‘जाला’ होत नाही, ‘गेला’ होतो. ‘ये’चं ‘आला’, ‘कर’चं ‘केला’. ती आपण यादी करून शिकलो नाही, वाक्यांतून शिकलो. रोज पाच क्रियापदं घ्या आणि प्रत्येकाचं आपल्या कालच्या दिवसातलं एक वाक्य लिहा.

अ, ॲन, द: चिऊकाऊच्या गोष्टीतून

मराठीत हे शब्द नाहीत असं म्हणतात, पण त्यामागची जाणीव आपल्याकडे आहे. ‘एक होता कावळा, एक होती चिमणी.’ पहिल्यांदा सांगताना ‘एक’. पुढे ‘कावळ्याचं घर होतं शेणाचं’ म्हणताना ‘एक’ गळून पडतो, कारण कोणता कावळा ते आता ऐकणाऱ्याला कळलंय. इंग्रजीत त्याच ठिकाणी ‘अ’चा ‘द’ होतो: ‘देअर वॉज अ क्रो. द क्रो हॅड अ हाउस.’ स्वतःला एकच प्रश्न विचारा: कोणता, हे ऐकणाऱ्याला माहीत आहे का? नसेल आणि वस्तू मोजता येणारी, एकच असेल तर ‘अ’. माहीत असेल तर ‘द’.

‘अ’ की ‘ॲन’ याचा नियम रोमन अक्षरं बघून चुकतो. शब्द देवनागरीत लिहून पाहा. सुरुवातीला स्वर आला तर ‘ॲन’, व्यंजन आलं तर ‘अ’. ‘अवर’ म्हणजे तास, सुरुवातीला अ, म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’, सुरुवातीला य, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘एमएलए’, सुरुवातीला ए, म्हणून ‘ॲन एमएलए’. आपल्या लिपीत उच्चार लिहिला जातो आणि हा नियम उच्चाराचाच आहे, त्यामुळे हे काम आपल्याला सोपं जातं.

पाण्याला आपणही ‘एक पाणी’ म्हणत नाही, तिथे चूक होत नाही. ‘एक सल्ला’ मात्र म्हणतो, म्हणून ‘ॲन ॲडव्हाइस’ निघतं. इंग्रजीत ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर हे पाण्यासारखे आहेत, त्यांना ‘अ’ही नाही आणि अनेकवचनाचा एसही नाही. गावाच्या नावाआधी ‘द’ नको, नदीच्या आधी हवा: ‘नाशिक’, पण ‘द गोदावरी’.

चिकटून आलेले मराठी प्रत्यय

चर्चा विषया‘वर’ करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ म्हटलं जातं. ‘डिस्कस’ला मागे काहीच लागत नाही. लग्न कोणा‘शी’ तरी होतं, म्हणून ‘मॅरिड विथ’. तिथे ‘मॅरिड टु’ हवं. ‘मी इथेच आहे’मधला ‘च’ ‘आय ॲम हिअर ओन्ली’मध्ये डोकावतो. इंग्रजीत तो जोर आवाजानं द्यायचा, शब्द घालायचा नाही. ‘जो मुलगा काल आला तो माझा भाऊ’ यातला दुसरा ‘तो’ इंग्रजीत गळतो: ‘द बॉय हू केम यस्टरडे इज माय ब्रदर.’ आणि ‘तो म्हणाला की मी येतोय’ यातला ‘मी’ इंग्रजीत ‘तो’ होतो, नाहीतर बोलणारा स्वतःच येतोय असा अर्थ निघेल: ‘ही सेड दॅट ही वॉज कमिंग.’

विरामचिन्हांची काळजी करू नका. मराठीत ती रूढ करण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं, आणि ती आली इंग्रजीवरूनच. नवीन शिकायची ती फक्त मोठी अक्षरं: वाक्याची सुरुवात, नावं, वार, महिने, आणि ‘मी’ या अर्थाचा आय कुठेही आला तरी.

रोजची अर्धी घटका

रोज रात्री आपल्या दिवसातली पाच मराठी वाक्यं लिहा, खालच्या ओळीत त्यांची मोडकी मराठी आणि तिसऱ्या ओळीत इंग्रजी. मधली ओळ गाळू नका. एक वाक्य मी करून दाखवतो.

‘काल पावसामुळे मला ऑफिसला जायला उशीर झाला.’ ‘मला’ आहे, तेव्हा पहिल्या जागेवर ‘आय’. उशीर होणं ही अवस्था, आणि ती कालची, म्हणून ‘वॉज लेट’. ऑफिसला म्हणजे ‘फॉर वर्क’, त्यातच ‘जायला’चा अर्थ आला. ‘काल’ आणि ‘मुळे पाऊस’ मागे. मधली ओळ झाली ‘मी होतो उशिरा कामाला काल मुळे पाऊस’. तिसरी ओळ: ‘आय वॉज लेट फॉर वर्क यस्टरडे बिकॉज ऑफ द रेन.’

आता तुम्ही एक करा: ‘तिला किती भाऊ आहेत?’ यात ‘तिला’ आहे, बाळगणं आहे आणि प्रश्नही आहे. आधी साधं विधान लिहा, ‘शी हॅज टू ब्रदर्स.’ ‘हॅज’च्या पोटातला ‘डज’ बाहेर काढा, मागे ‘हॅव’ उरेल. ‘किती भाऊ’ सगळ्यात पुढे न्या आणि वहीत उतरवा: ‘हाउ मेनी ब्रदर्स डज शी हॅव?’